पिशवी माझ्याच खांद्यावर

४ मार्च, मंगळवार

बायकोने, मार्लीसने, ही वही हातात ठेवली आणि अट घातली. मैदानावर पोराला जे जे सांगावंसं वाटेल ते इथे लिहायचं, त्याला सांगायचं नाही. "वर्लिन, तुझं तोंड म्हणजे आपल्या तळघरातला पंप आहे. पाणी असो नसो, चालूच." हे तिने तिच्या बहिणीसमोर आणि भावासमोर, म्हणजे माझ्या मेहुण्यासमोर, सांगितलं. मेहुणा इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याच मेहुण्याच्या हातात मी उद्यापासून माझं दुकान देतोय. तीस वर्षं नेब्रास्कातल्या लोकांची घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करून जे नाव कमावलं, ते आता त्याच्या भरवशावर. देव त्या भट्ट्यांचं भलं करो.

कारण असं की आमचा कोल्टन व्यावसायिक गोल्फर झालाय. झालाय म्हणजे त्याने तसं जाहीर केलंय. कॉलेज संपलं, कॉलेजचा संघ संपला, संघाची बस संपली. आता गावोगावच्या लहान स्पर्धा खेळत फिरायचं आणि ऑक्टोबरात मोठ्या दौऱ्याची निवड-स्पर्धा द्यायची. निवडला गेला तर टीव्हीवर दिसेल. नाहीतर परत येऊन माझ्याबरोबर भट्ट्या दुरुस्त करेल, असा शब्द त्याने आईला दिलाय. एक मोसम, बस.

आता अशा पोराला कॅडी नको का? पिशवी उचलणारा, अंतर सांगणारा, वारा ओळखणारा, धीर देणारा? त्याला गोल्फ शिकवला कोणी? मी. धान्याच्या कोठाराशेजारच्या नऊ होलांच्या मैदानावर, जिथे अर्धं गवत आणि अर्धे काटे. मी म्हटलं, "पिशवी माझ्याच खांद्यावर." कोल्टन काही क्षण माझ्याकडे बघत राहिला. भरून आलं असणार त्याला.

१७ एप्रिल, गुरुवार. ओक्लाहोमा

दोन दिवस खेळून जे मागे राहतात त्यांना घरी पाठवतात, त्याला कट म्हणतात. आम्ही पुन्हा घरी. सलग चौथ्यांदा.

दोष कोणाचा ते नीट लिहून ठेवतो. एक, होलाभोवतीची हिरवळ. इतका गुळगुळीतपणा मी दवाखान्यातल्या फरशीवरच पाहिलाय. दोन, यजमानीण. या लहान स्पर्धांत खेळाडूंना गावातली माणसं घरी ठेवून घेतात, फार चांगली पद्धत आहे, पण आमच्या बाईंच्या न्हाणीघरात प्रत्येक टॉवेलवर बायबलमधलं एकेक वचन विणलेलं. माझ्या वाट्याला पश्चात्तापाचं आलं. सकाळी सकाळी ओल्या अंगाने पश्चात्ताप वाचून कोणाचा खेळ चांगला होईल?

तीन, वारा. काठीचा नंबर जितका लहान तितका चेंडू लांब जातो, म्हणून वारा समोरून असेल तर लहान नंबर घ्यायचा. पंधराव्या होलला मी म्हटलं, "सहा नंबरची काठी घे."

"बाबा, मला सात वाटतेय."

"वारा समोरून आहे."

"मागून आहे, बाबा."

"त्या झाडाच्या शेंड्याकडे बघ की."

"ते झाड वाकडंच वाढलंय."

पण बापाचं ऐकणारा मुलगा आहे. सहा घेतली. चेंडू हिरवळीवरून, वाळूवरून, कुंपणावरून गेला आणि क्लबच्या वाहनतळावर एका ट्रकच्या टपावर जाऊन बसला. मी म्हटलं, "इतकं दणकून मारायला कोणी सांगितलं होतं?" तो ट्रककडे चालायला लागला. फार शांत मुलगा आहे. आईवर गेलाय असं लोक म्हणतात, पण त्या लोकांनी मार्लीसला टॅक्स भरायच्या दिवशी पाहिलेलं नाही.

वहीत लिहायचं, सांगायचं नाही, ही अट मी पाळतोय. सांगतो ते सांगतोच, शिवाय इथे लिहितो.

९ मे, शुक्रवार. तुलसाजवळ

आजचा दिवस मी न्हाणीघरात काढला. काल पेट्रोल पंपावर अंड्याचं सँडविच खाल्लं. मार्लीस फोनवर म्हणाली, "पेट्रोल पंपावर अंडं? वर्लिन, तू पन्नाशी पार केलीस ती कशी, हेच मला कळत नाही."

पहाटे उभं राहता येईना. कोल्टन दारात उभा. "बाबा, तू झोप. मी बघतो कोणीतरी."

"कोण मिळणार आता? पिशवी वाहणं म्हणजे हमाली नाही! मैदान समजावं लागतं, माणूस समजावा लागतो!"

एवढं बोलून मला परत आत पळावं लागलं.

क्लबच्या दुकानात काम करणारी रेनी नावाची मुलगी त्याने घेतली. ओक्लाहोमाचीच. कॉलेजात गोल्फ खेळायची, गुडघा गेला म्हणून सोडला. माझ्या अंगावर काटाच आला. गुडघा गेलेली मुलगी आणि माझ्या पोराची पिशवी!

दुपारी कोल्टन आला तेव्हा चेहरा लालबुंद. आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ. पूर्ण मैदानावर आज त्याच्याइतके कमी फटके कोणाचेच नव्हते. क्लबमधल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे, आणि ते म्हातारे स्वतःच्या नातवंडांच्या लग्नातही वाजवत नाहीत.

"ती काय सांगायची तुला?" मी पलंगावरूनच विचारलं.

"काही नाही. विचारलं तर आकडा सांगायची. नाहीतर गप्प."

"बघ! म्हणजे काहीच केलं नाही तिने. पण काल मी तुला सगळं मैदान समजावलं होतं की नाही? डोक्यात मुरायला एक दिवस लागतो. आज मुरलं."

कोल्टन खिडकीबाहेर बघत म्हणाला, "असेल, बाबा."

मार्लीसलाही हेच सांगितलं. ती म्हणाली, "ती मुलगी कोण म्हणालास?"

१० मे, शनिवार

आज बरा झालो, पिशवी मी घेतली. कोल्टन घसरला, पार तळाला. काल ती मुलगी नको तितकं थकवून गेली असणार पोराला.

२० जून, शुक्रवार. टेक्सास

पोराचं काहीतरी चाललंय! दिवसभर फोनवर त्या रेनीशी टकटक. मी जवळ गेलो की फोन खिशात. काल जेवताना तो मला म्हणाला, "बाबा, एक बोलायचं होतं."

मी म्हटलं, "बोल की. पण आधी हे बघ, आज नवव्या होलला तुझा डावा खांदा किती पुढे आला होता." मग खांद्यावरून कंबरेवर आलो, कंबरेवरून पायांवर. ब्रिस्केट मांसाचं ताट संपेपर्यंत टाचांवर पोचलो होतो. तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे."

आज सकाळी पुन्हा. "बाबा, काल ते बोलायचं राहिलं..."

मी डोळा मारला. "मला कळलंय सगळं. घाई करू नकोस. आधी खेळ, मग बाकीचं." तो आ वासून माझ्याकडे बघत राहिला. बापाच्या नजरेतून काही सुटत नाही, हे या पिढीला कळायला वेळ लागतो.

मार्लीसला म्हटलं, पोराचं जमतंय. ती म्हणाली, "वर्लिन, कधीतरी त्याचं वाक्य पुरं होऊ दे." हिचं हे नेहमीचंच. मी कुठे अडवतो त्याला?

३ जुलै, गुरुवार

कट हुकला. मरणाचा उकाडा. गाडीत कोल्टन बोलला नाही. मी बोललो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. कॅन्सस

आम्ही पहिले आहोत! दोन दिवस झाले, उद्याचा शेवटचा, आणि फळ्यावर सगळ्यात वर कुचेरा. माझं आडनाव. माझ्या आजोबांनी जहाजातून उतरताना ज्याचं स्पेलिंग तीन वेळा चुकवलं ते आडनाव.

काय झालं की काल सकाळी माझा आवाज बसला. गरम पाणी, मध, गुळण्या, सगळं केलं, पण घशातून फक्त हवा. दोन दिवस खुणा करून काम चालवलं. आणि नेमक्या याच दोन दिवसांत पोराला सूर सापडला! माझा सल्ला मिळत असता तर आज तो कितीने पुढे असता, याचा विचार करून जीव तुटतो.

संध्याकाळी आवाज थोडा परत आलाय. उद्यासाठी अगदी वेळेवर. उद्या वारा जोरात आहे असं हवामानवाले सांगतायत. माझ्या डोक्यात योजना तयार आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार

आज विनोद सुचत नाही.

पिशवीत चौदा काठ्या चालतात. पंधरावी चालत नाही. हा नियम आमच्या गावच्या मैदानावरचं खारूताईचं पिल्लूही जाणतं, आणि सुरुवात करायच्या आधी काठ्या मोजणं हे कॅडीचं काम. जगातल्या कुठल्याही कॅडीला अर्ध्या झोपेत उठवून विचारा.

सकाळी मी दोन नंबरची लोखंडी काठी पिशवीत टाकली. वाऱ्यात चेंडू खाली ठेवायला तिच्यासारखी दुसरी नाही. ती टाकून दुसरी एक काढायची होती. तेवढ्यात न्याहारीच्या टेबलावरचा एक गृहस्थ मला त्याच्या घरच्या भट्टीचा आवाज करून दाखवायला लागला. घर्रर्र-टक, घर्रर्र-टक. मी म्हटलं पंखा सैल झालाय. तो म्हणाला पंखा नवा आहे. मग मी तरी कसा सोडणार?

पहिल्या तीन होलांत कोल्टन सुरेख खेळला. आघाडी वाढली. चौथ्या होलच्या आधी मी टॉवेल काढायला पिशवीत हात घातला आणि बोटांना ती लागली. मोजल्या. पुन्हा मोजल्या.

कोणाला माहीत नव्हतं. कोल्टन चेंडू पुसत होता, बरोबरचा खेळाडू जांभया देत होता. उजव्या हाताला तळं, तळ्यात बदकं. काठी हळूच पाण्यात सोडली असती तर फक्त त्या बदकांना कळलं असतं. मी लिहितोय कारण हे खरं आहे: माझा हात त्या काठीवर होता आणि मी तळ्याकडे बघत होतो. बराच वेळ बघत होतो.

मग म्हटलं, "कोल्टन, थांब."

"काय झालं?"

"पंधरा आहेत."

त्याने स्वतः मोजल्या. चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला. लहानपणी सायकलवरून पडला होता तेव्हा रडायच्या आधी असाच दिसला होता. पण रडला नाही, ओरडला नाही. हात वर करून पंचाला बोलावलं. पंच उन्हाने भाजलेला, फार सभ्य माणूस. म्हणाला, चार फटके दंड. कोल्टन म्हणाला, "थँक यू, सर." मी ती दोन नंबरची काठी पिशवीत उलटी करून ठेवली, आता ती वापरायची नाही म्हणून, आणि आम्ही पुढे निघालो. पुढची पंधरा होलं मी एक शब्द बोललो नाही. आवाज होता, पण शब्द नव्हते.

तो तिसरा आला. दंड नसता तर पहिला आला असता. हे गणित करायला कोणाला वही लागत नाही.

गाडीपाशी तो म्हणाला, "बाबा, तू सांगितलंस मला."

"चूकही मीच केली होती."

"हो. पण सांगितलंस."

यात सांगण्यासारखं काय आहे मला कळलं नाही. पंधरा म्हणजे पंधरा.

१८ ऑगस्ट, सोमवार. घरी

मार्लीसला विचारलं, "रागावलाय का तो?"

"नाही."

"ओरडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्यासाठी गाडीचं दार उघडतोय, मार्लीस. मला पाणी आणून देतोय. जणू काही मलाच काही झालंय."

तिने जर्दाळू भरलेले कोलाचे पाव माझ्यापुढे सरकवले. ही बाई मला स्वतःहून गोड देत नाही, डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून तर नाहीच. तेव्हाच ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

दुकानात जाऊन आलो. मेहुण्याने सगळं नीट ठेवलंय. गिऱ्हाइकं म्हणाली, "आता काम लवकर होतं, गप्पा कमी असतात." हसत होते मेले.

दिवसभर दुकानामागच्या पायरीवर बसून राहिलो. खरं लिहू का? मला वारा कळत नाही. कधीच कळला नव्हता. आमच्या मैदानावर वारा नेहमी कोठाराच्या बाजूने यायचा, त्यामुळे कळावा लागला नाही. अंतराचंही तसंच. मी पिशवी घेतली ती सल्ला द्यायला नाही. पोराच्या शेजारून चालायला मिळतं म्हणून घेतली. चार तास. घरी तो मला चार मिनिटं देत नाही, देणारही कशाला, त्याचं वय आहे. पण मैदानावर पिशवी माझ्याकडे असते, म्हणून त्याला माझ्यापासून लांब जाता येत नाही.

आणि त्यातल्या एकेका मिनिटाला मी तोंड उघडून घाण केली.

ऑक्टोबरात त्याच्या पिशवीला मी नको. पण हे त्याला सांगायचं कसं? मी सांगितलं तर तो म्हणेल, नाही बाबा, तूच हवास. त्याला माझं मन मोडवणार नाही. त्याच्या मनात तर असं काही येणारही नाही. काहीतरी असं हवं की त्याला नाही म्हणताच येऊ नये.

५ ऑक्टोबर, रविवार. अलाबामा

निवड-स्पर्धेच्या गावी आलो. मंगळवारपासून चार दिवस. वरच्या वीस जणांना मोठ्या दौऱ्याचं कार्ड, बाकीच्यांना हस्तांदोलन.

कोल्टन येताना गाडीत तीन वेळा म्हणाला, "बाबा, एक बोलायचं होतं." तिन्ही वेळा मी त्याला बोलू दिलं! तोंड घट्ट मिटून बसलो. तर तोच अडखळला. तिसऱ्या वेळी "अं... पुढे पेट्रोल भरायचं का?" म्हणाला. एवढ्यासाठी तीन वेळा? पोरगं दडपणाखाली आहे.

मार्लीसचा फोनही सारखा. "झालं का तुमचं बोलणं?" मी म्हटलं, "हो, भरलं पेट्रोल."

उद्या करायचं ते करतो.

६ ऑक्टोबर, सोमवार

मार्लीससमोर मी सत्तावीस वर्षं नाटक करू शकलो नाही, पण आज केलं आणि झकास केलं.

मोटेलच्या खोलीबाहेर पिशवी उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. "आई गं!" केलं. कमरेवर हात. कोल्टन धावत आला.

"काय झालं?"

"पाठ! पाठ गेली! हलवू नकोस मला!"

"दवाखान्यात जाऊ या."

"दवाखाना नको. पडून राहिलो की बरं वाटेल. पण पोरा... पिशवी काही आता उचलत नाही मला. तुझ्या सगळ्यात मोठ्या आठवड्यात असं व्हावं! दुसरं कोणीतरी बघावं लागेल रे."

त्याने माझ्या खांद्याला धरून मला पलंगावर बसवलं. समोर गुडघ्यांवर बसला. माझ्याकडे इतका वेळ बघत होता की मी आणखी एकदा कण्हलो. त्याचे डोळे भरले होते. बिचाऱ्याला धक्काच बसला.

"बाबा," तो म्हणाला, "नक्की दुखतंय?"

"नक्की म्हणजे? जीव जातोय!"

"बरं." मग त्याने माझ्या गळ्यात हात टाकला आणि सोडेचना. पाठ गेलेल्या माणसाला असं आवळतात का? पण मी काही म्हटलं नाही.

आणि आता नशीब बघा. त्याने फोन केला आणि पाव तासात रेनी दारात हजर! दोन राज्यं पलीकडची मुलगी! म्हणे इथे मावशीला भेटायला आली होती. अलाबामात मावशी असावी, नेमकी याच गावात असावी आणि नेमक्या याच आठवड्यात हिने भेटायला यावं! मी देवाला फारसं मानत नाही, पण आज त्या टॉवेलवाल्या बाईंची आठवण आली.

मुलगी मेहनतीही आहे. मावशीकडे आलेली असूनही काल आणि परवा सगळं मैदान चालून आलीय, हिरवळी बघून आलीय. पाय मोकळे करायला, म्हणाली. मला म्हणाली, "मिस्टर कुचेरा, पाठीला बर्फ लावा हं." आणि दोघंही एकमेकांकडे न बघता बाहेर गेली. लाजाळू आहेत.

मार्लीसला फोन करून खरं ते सांगितलं. तिला तरी माहीत असावं की नवऱ्याने काय त्याग केलाय. ती रडायला लागली. म्हणाली, "वर्लिन कुचेरा, तू गाढव आहेस आणि मला फार आवडतोस." पहिला भाग मी अनेकदा ऐकलाय.

पिशवी रेनीच्या खांद्यावर आहे. खोलीत तिची जागा रिकामी दिसते. मला फार एकटं वाटतंय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

क्रमाने लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

चार दिवस मी प्रेक्षकांसाठीच्या कडेच्या पायवाटेने चाललो. पाठीवर हात ठेवून, कारण नाटक चालू ठेवायला हवं. काल डावा हात ठेवला होता, आज उजवा, तर कोल्टन लांबून हसला. कशाला हसला कोण जाणे.

आज सतराव्या होलला आला तेव्हा तो बरोबर काठावर होता. विसावा. एक फटका इकडेतिकडे आणि संपलं. सतरावा होल आखूड, पण मधे पाणी. बाजूला आम्ही सगळे आईबाप उभे, एकेकाचं तोंड असं की आत कोणाचं तरी ऑपरेशन चाललंय.

पुढचे खेळाडू अजून हिरवळीवर होते, म्हणून थांबावं लागलं. कोल्टन चालत माझ्याकडे आला, हाताच्या अंतरावर. मला घाम फुटला. कारण नियम असा की खेळाडूने सल्ला फक्त आपल्या कॅडीला विचारायचा. दुसऱ्या कोणाला विचारला तर दंड. इतके महिने मी वाटेल ते बरळलो तरी चालत होतं. आज मी फक्त बाप होतो, आणि बापाने तोंड उघडलं तर पोराचं वाटोळं.

आणि मला दिसत होतं! वारा समोरून होता. पाण्यावरच्या लाटा आमच्याकडे येत होत्या. सात नंबरची काठी हवी होती, नक्की सात. आणि रेनीच्या हातात आठ होती. आठ पाण्यात जाणार! माझ्या जिभेवर सात होती. दातांवर सात होती. मी ओठ असे मिटले की शेजारच्या बाईने विचारलं, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

कोल्टन म्हणाला, "आई काय म्हणतेय?"

"मामाने दुकानाच्या दाराला रंग दिला म्हणे," मी म्हटलं. "हिरवा."

"हिरवा?"

"बेडकासारखा. गिऱ्हाइकं आत यायला घाबरतायत."

तो हसला. मोकळा, पोटातून, लहानपणी हसायचा तसा. सबंध मोसमात मी त्याला मैदानावर असा हसलेला पाहिला नव्हता. मग त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, वळला, रेनीकडे गेला आणि आठ घेतली.

मी डोळे मिटले. टाळ्या ऐकून उघडले. चेंडू झेंड्यापासून इतका जवळ होता की आमच्या नऊ होलांच्या मैदानावर म्हातारी माणसं तो न मारताच उचलून घेतात. वारा ऐन वेळी पडला असणार, दुसरं काय.

अठरावा होल त्याने सरळ खेळला. शेवटच्या यादीत तो एकोणिसावा आला. कार्ड मिळालं. माझा कोल्टन मोठ्या दौऱ्यावर खेळणार.

मी धावत सुटलो. धावताना लक्षात आलं की पाठ गेलेला माणूस धावत नसतो, पण आता उशीर झाला होता. रेनी पिशवीला टेकून उभी होती आणि हसून हसून खाली बसली. कोल्टनने मला उचललं. मला! या पोटासकट!

"पाठ कशी आहे, बाबा?"

"आत्ता... आत्ताच जरा बरी वाटायला लागली."

"सतराव्याला तुझ्या मनात कुठली काठी होती?"

आता नियमाची अडचण नव्हती. मी छाती काढून म्हटलं, "आठ."

"खोटारड्या!" तो ओरडला. "तुझ्या तोंडावर सात लिहिली होती. आम्ही आठच ठरवली होती, पण मला थोडी धाकधूक होती. मग तुझं तोंड बघितलं. एवढी ठाम सात होती ना, की आठच बरोबर म्हणून खात्री पटली."

रेनी मान डोलावत होती. दोघंही माझी टिंगल करत होती आणि माझे डोळे वाहत होते.

मी यावर बराच विचार केलाय. याचा अर्थ शेवटच्या दिवशी, सगळ्यात अवघड जागी, पोराचा निर्णय पक्का झाला तो माझ्यामुळे. हे मार्लीसला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "अगदी बरोबर आहे, वर्लिन." सत्तावीस वर्षांच्या संसारात तिने माझं पहिल्या फटक्यात कधीच मान्य केलं नव्हतं.

जानेवारीत मोठा दौरा सुरू होतो. रेनी पिशवी घेणार. मी कोल्टनला म्हटलं, "जमेल तेव्हा बघायला येईन."

तो म्हणाला, "जमेल तेव्हा नाही. प्रत्येक वेळी. बोलायचं नाही, फक्त मला दिसेल असं उभं राहायचं."